गाणं एक सांगतं, सिनेमा दुसरंच: ॲनिमेशनपटांचे उलटे लावलेले अर्थ

अनुस्वार
ॲनिमेशनपटांचा विषय निघाला की काही वाक्यं ठरलेली असतात. 'फ्रोझन' म्हणजे बंधनं झुगारा. 'रॅटाटुई' म्हणजे मेहनत केली की कोणीही शेफ होतो. 'लायन किंग' म्हणजे टेन्शन घेऊ नका. तिन्ही सिनेमे नेमके याच्या विरुद्ध टोकाला जाऊन संपतात, तरी टी-शर्टवर ही वाक्यंच छापली जातात.

माझ्या मते कारण सरळ आहे. सर्वांत लक्षात राहणारं वाक्य किंवा गाणं हाच सिनेमाचा संदेश, असं आपण धरून चालतो. कुठलंही वाक्य संदेश म्हणून उचलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. ते कोण म्हणतं? कथेत कधी म्हणतं? आणि ते म्हटल्यावर लगेच काय घडतं?

'लेट इट गो' घ्या. म्हणते एल्सा, बर्फाची जादू असलेली राणी, राज्यातून पळून आल्यावर, डोंगरावर एकटी. सिनेमाचा जेमतेम एक तृतीयांश भाग झालेला असतो. त्याच वेळी खाली तिचं राज्य अ‍ॅरेंडेल बर्फाखाली गेलेलं आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही. अ‍ॅना येऊन ते सांगते तेव्हा एल्सा घाबरते, ताबा सुटतो आणि बहिणीच्या काळजात बर्फ शिरतो. 'आता मी मोकळी' म्हणणाऱ्या बाईच्या हातून घडलेली ही पुढची मोठी गोष्ट. बर्फ वितळतो तो शेवटी, अ‍ॅना स्वतःचा जीव वाचवायचं सोडून तलवारीच्या आड येते तेव्हा.

तुम्हाला खटकणारे अर्थ लिहा, पण प्रसंगासकट. 'मला असं जाणवलं' एवढ्यावर धागा चालणार नाही.

ओली_भेळ
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. 'इनक्रेडिबल्स'वाले आले की उठवा.

कुळीथ
रॅटाटुईबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो.

'कोणीही स्वयंपाक करू शकतो' हे सिनेमात प्रसिद्ध शेफ गुस्तोच्या पुस्तकाचं नाव आहे. म्हणजे सुरुवातीला ती जवळपास जाहिरातच असते. पुढे सिनेमा हे वाक्य लिंग्विनीवर तपासून बघतो. लिंग्विनी गुस्तोचा सख्खा मुलगा. रेस्टॉरंटचा मुख्य शेफ स्किनर गुपचूप त्याच्या केसाची डीएनए चाचणी करवतो, ती जुळते, आणि पुढे रेस्टॉरंट वारशाने लिंग्विनीकडे येतं. नाव आहे, रक्त आहे, मालकी आहे, शिकवायला कॉलेटसारखी कडक बाई आहे. शेवटी हा काय करतो? नव्या बिस्त्रोत पायात स्केट्स घालून ताटं वाढतो. स्वयंपाक त्याला अखेरपर्यंत येत नाही, आणि सिनेमाला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. म्हणजे 'मेहनत केली की जमतं' हा अर्थ गेला. 'रक्तातच असावं लागतं' हाही गेला.

समीक्षक ईगोच्या परीक्षणात ते वाक्य दुरुस्त होतं: थोर कलावंत प्रत्येकजण होऊ शकत नाही, पण थोर कलावंत कुठूनही येऊ शकतो. इथे 'कुठूनही'वर भर आहे.

आणि ईगोला खलनायक म्हणणाऱ्यांनी त्याने मोजलेली किंमत बघावी. जेवण उंदराने केलंय हे कळल्यावरही तो स्तुती लिहितो. नंतर उंदरांमुळे गुस्तोचं रेस्टॉरंट बंद होतं, समीक्षक म्हणून ईगोची नोकरी आणि पत दोन्ही जातात. खलनायक स्किनर आहे. मेलेल्या गुरूचा चेहरा गोठवलेल्या तयार जेवणाच्या पाकिटांवर छापून विकायचा त्याचा धंदा.

तिरपा_डोळा
धाग्याच्या गृहीतकालाच हरकत आहे. अनुस्वार, तुम्ही 'फ्रोझन'चं उदाहरण घेतलंत, पण त्याच गाण्याचा इतिहास तुमच्या विरोधात जातो. एल्सा आधी खलनायिका म्हणून लिहिली होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या गीतकार-संगीतकार जोडप्याने हे गाणं करून दिलं, ते ऐकल्यावर ही बाई खलनायिका वाटेना, म्हणून कथा पुन्हा लिहिली गेली. ज्या गाण्याने सिनेमाच बदलला, त्याला 'कथेतला एक चुकीचा टप्पा' कसं म्हणणार? लोकांनी गाण्यातून जे घेतलं तेच आधी निर्मात्यांनीही घेतलं होतं.

अनुस्वार
इतिहास बरोबर, निष्कर्ष अर्धा. गाण्याने एल्साची बाजू घ्यायला लावली, हे मान्य. पण कथा पुन्हा लिहिताना गाण्यातला निर्णय बरोबर ठरवला नाही. तसं करायचं असतं तर गाण्यानंतर एल्सा सुखात राहिली असती आणि अ‍ॅनाने तिथे जाऊन माफी मागितली असती. प्रत्यक्षात आईवडिलांचं 'लपव, दाखवू नकोस' चुकीचं ठरतं, आणि त्यावर एल्साने काढलेला 'सगळ्यांना सोडून जा' हा उपायही चुकीचा ठरतो. दोन्हीत माणसं दूर ठेवण्यावरच भिस्त आहे. खडकांच्या ट्रोल्सचा म्हातारा सुरुवातीलाच सांगतो की भीती हा हिचा शत्रू ठरेल. गाणं म्हणतानाही भीती गेलेली नसते, ऐकू येण्याच्या टप्प्याबाहेर गेलेली असते इतकंच.

रविवार_दुपार
इथे थोडं गाण्यांच्या रचनेबद्दल. हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकन या गीतकार-संगीतकार जोडीने 'लिटल मर्मेड'पासून (१९८९) ब्रॉडवेची पद्धत डिस्नेत पक्की केली. पहिल्या अंकात नायिका तिला काय हवंय ते गाऊन सांगते. त्याला 'आय वाँट' गाणं म्हणतात. खलनायकाचं गाणं साधारण सौदा किंवा कट ठरताना येतं. 'लेट इट गो' या दोन्हींत बसत नाही. ते विजयाचं गाणं आहे, पण चुकीच्या जागी ठेवलेलं, आणि ते मुद्दाम. विजयाचं गाणं ऐकलं की प्रेक्षकाला वाटतं गोष्ट संपली. इथे खरी अडचण तिथून सुरू होते.

गाण्याची जागा न बघता अर्थ लावला की काय होतं याचा नमुना म्हणजे 'एरियलने पुरुषासाठी आवाज विकला'. 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' ती एरिकला बघण्याआधी गाते. माणसांच्या काटे-चमच्यांनी भरलेली गुहा तोवर जमवून झालेली असते. तिला जमीन आधीपासून हवी होती, राजपुत्र नंतर आला. हे गाणं चाचणी-खेळात मुलं चुळबूळ करतात म्हणून कापायला निघाले होते. कापलं असतं तर मात्र टीकाकारांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं.

मिरची_भजी
+१. 'हकुना मटाटा'लाही हाच नियम लावा. म्हणतात कोण? टिमॉन आणि पुंबा, कळपातून हाकललेले दोन बहाद्दर. ऐकतो कोण? बापाच्या मरणाला आपणच जबाबदार आहोत असं समजणारं पोर. गाण्यात ते एका ओंडक्यावरून चालत चालत मोठं होतं, आणि इतकी वर्षं तिकडे प्राइड रॉकवर दुष्काळ पडतोय. पुढे रफिकी हे शहाणं माकड काठी घालतं डोक्यात. मागचं दुखतं खरं, पण त्यापासून पळता येतं किंवा शिकता येतं, असं ते सांगतं. दुसऱ्यांदा काठी आली की सिम्बा खाली वाकतो. शिकला!

ओली_भेळ
२०१९च्या हिंदी आवृत्तीत टिमॉनला श्रेयस तळपदेचा आवाज आहे. त्याने 'चिंता सोड' म्हटलं तर मी सोडणार. संदेश गेला उडत.

खारीबिस्कीट
घ्या, आले 'इनक्रेडिबल्स'वाले (२००४).

'सगळेच सुपर झाले की कोणीच सुपर राहणार नाही' हे वाक्य गुणवत्तेच्या बाजूचं म्हणून फिरतं. आरक्षणाच्या वादात, शाळेतल्या बक्षिसांच्या वादात, कुठेही डकवतात. म्हणतो कोण? खलनायक सिंड्रोम. ज्याने आपला यंत्रमानव सुधारण्यासाठी एकेका निवृत्त सुपरहिरोला बेटावर बोलावून मारलं. संगणकात ती यादी नायक बॉब स्वतः बघतो. शिवाय सिंड्रोमचं वाक्य पूर्ण ऐका. तो ही यंत्रं आधी स्वतः वापरणार, हिरो म्हणून मिरवणार, म्हातारा झाला आणि मजा करून झाली की मग विकणार. यात समता कुठेच नाही, सूड आहे. त्यामुळे ते वाक्य गुणवत्तेची बाजू म्हणून वापरणारे आणि समतेवरचा हल्ला म्हणून त्यावर चिडणारे, दोघेही खुन्याची फुशारकी लेखकाच्या तोंडी घालतात.

तिरपा_डोळा
खारीबिस्कीट, सोयीचा साक्षीदार उचललात. हेच म्हणणं सिनेमात तीन तोंडांतून येतं. गाडीत आई म्हणते प्रत्येकजण खास असतो, त्यावर सुसाट पळणारा मुलगा डॅश म्हणतो, म्हणजे कोणीच नाही. पुढे बॉब, म्हणजे नायकच, चौथीतून पाचवीत गेल्याच्या समारंभावर वैतागतो की सामान्यपणाचे सोहळे करायचे नवनवे मार्ग काढतात. मुलगा, बाप आणि खलनायक तिघे एकच सूर लावत असतील तर तो सूर सिनेमाचाच, असं प्रेक्षकाने समजणं चूक कसं?

खारीबिस्कीट
हा मुद्दा दमदार आहे. पण तीन तोंडांना तीन वेळा काय उत्तर मिळतं ते बघू. बॉब हे बोलतो त्या रात्री तो बायकोशी खोटं बोलून, बोलिंगच्या नावाखाली हिरोगिरी करून, इमारत पाडून घरी आलेला असतो. समारंभावरचा राग मुलासाठी कमी आणि स्वतःच्या ढेरीसाठी जास्त, हे बायकोला, हेलनला कळतं आणि ती ते तोंडावर सुनावते. सिंड्रोम तयार झाला तोच मुळी बॉबच्या 'मी एकटाच काम करतो' या तोऱ्यामुळे. शेवटी बॉब कुटुंबाला लढाईबाहेर ठेवू पाहतो आणि कबूल करतो की तुम्हाला पुन्हा गमावण्याइतकी ताकद माझ्यात नाही. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाने म्हटलेलं वाक्य आहे हे. सिनेमाचा सूर तिथे आहे.

दिग्दर्शक ब्रॅड बर्डनेही 'थोरामोठ्यांना सामान्यांनी दाबलं' छापाचा अर्थ नाकारलेला आहे. अर्थात दिग्दर्शकाने नाकारलं म्हणून अर्थ मरत नाही, हे तुम्ही म्हणणारच.

तिरपा_डोळा
म्हणणारच. आणि शर्यतीचं काय? डॅश मुद्दाम दुसरा येतो, आईबाप प्रेक्षकांतून हातवारे करून त्याचा वेग कमी-जास्त करतात. म्हणजे शेवटी गुणवान पोराने लपूनच राहायचं.

खारीबिस्कीट
त्याला पळू देतात हे तुम्ही गाळलंत. आधी, शक्ती लपवायची म्हणून, पळायलाच बंदी होती. आणि पोरगं दुसरं येऊन खूश आहे, कारण घरचे सगळे एकत्र ओरडतायत. पण हे मान्य, हा शेवट दोन्ही बाजूंना ओढता येतो. लपायचं की नाही हा प्रश्न या सिनेमात सुटत नाही.

भिंतीवरची_पाल
तुमच्या तीन प्रश्नांत खऱ्या अर्थाने पास होणारं या सिनेमातलं एकच वाक्य: केप नको. कोण म्हणतं? एडना, कपडे शिवणारी, विषयातली जाणकार. कधी? केपमुळे कोण कोण कसं मेलं याचे दाखले देऊन. पुढे काय घडतं? सिंड्रोमची केप विमानाच्या इंजिनात. संदेश सिद्ध. धागा बंद करा.

पैलतीर
'कोको'चा (२०१७) उल्लेख अजून कसा नाही? हा सिनेमा मुळात चुकीच्या वाचनाबद्दलच आहे. आणि गाणं पुन्हा लोपेझ जोडप्याचंच.

'रिमेंबर मी' आधी प्रसिद्ध गायक एर्नेस्टोच्या तोंडी येतं: झगमगता रंगमंच, नर्तकी, मग डोक्यावर पडणारी घंटा. गाण्याचा अर्थ 'चाहत्यांनो, मला विसरू नका'. नंतर तेच शब्द, तीच चाल, फक्त लय संथ आणि एक गिटार. एक्तोर आपल्या छोट्या मुलीला निजवताना म्हणतो. मूळ गाणं हे. एर्नेस्टोने गाणं चोरलं आणि ते कुणाला उद्देशून होतं तो माणूसच त्यातून काढून टाकला. तिसऱ्यांदा सिनेमाचा नायक, छोटा मिगेल, ते म्हाताऱ्या पणजीला ऐकवतो आणि तिला बाप आठवतो. शब्द तेच, पण कोण म्हणतं आणि कुणासाठी, यावर अर्थ तीनदा बदलतो. अनुस्वार यांचा नियम सिनेमाने स्वतःच पाळून दाखवलाय.

तरी लोक 'संधी साधा' हे एर्नेस्टोचं घोषवाक्य प्रेरणादायी म्हणून लावतात. मिगेल तेच मनात धरून मेलेल्या माणसाची गिटार उचलतो आणि त्या चोरीपायी शाप लागतो. एर्नेस्टोने संधी कशी साधली, तर मित्राला, म्हणजे एक्तोरला, विष पाजून.

आपल्याकडे आणखी एक अर्थ चिकटतो: 'हा म्हणजे त्यांचा पितृपक्ष'. फोटो, नैवेद्य, झेंडू बघून तसं वाटतं. झेंडू तर मूळचा तिकडचाच, मेक्सिकोतून जगभर गेलेला. पण आतलं गणित निराळं आहे. श्राद्धात पिंड बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांना, नावागोत्राने, विधीने. माणूस प्रत्यक्ष आठवत असो वा नसो, विधी चालतो. सिनेमात मात्र मृतांच्या जगातून इकडे येणारा पूल ओलांडायला वेदीवर फोटो लागतो, आणि जिवंत माणसांत आठवणारं शेवटचं कोणी गेलं की तिथलं अस्तित्वही संपतं. एक्तोर हा मिगेलचा खापरपणजोबा. पिंडाच्या हिशेबातून तो बाहेर पडलेला असता, सिनेमात तो फक्त पणजीच्या आठवणीवर टिकून आहे. पितृपक्ष समजून बघितलं तर पणजीला गाणं ऐकवायची एवढी घाई का, हेच कळत नाही.

कुळीथ
पैलतीर, उत्तम. एवढंच जोडतो की एक्तोरच्या बायकोला, इमेल्दाला, 'गाण्याची शत्रू' म्हणणंही त्याच जातीचं. ती पोर पदरात घेऊन एकटी चपला-बूट शिवायला शिकली. नवऱ्याला मारलंय हे तिला माहीत नव्हतं, सोडून गेला एवढंच दिसलं. उपलब्ध माहितीवर तिचा निर्णय चोख होता.

काटेकोर
'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) आणि 'स्टॉकहोम सिंड्रोम'. हा शब्द स्टॉकहोमच्या नॉर्मल्मस्टोर्ग चौकातल्या १९७३च्या बँक दरोड्यावरून आला. ओलिसांना सुटकेचा रस्ता नसतो आणि ते पकडणाऱ्याच्या बाजूने झुकतात. आता क्रम लावा. बेल बापाच्या बदल्यात स्वतःहून राहते, हा सौदा जुलमी आहे, वाद नाही. पण जेवायला ये म्हटल्यावर ती साफ नकार देते. त्याच रात्री तो ओरडतो तशी घोड्यावर बसून निघून जाते. लांडग्यांपासून वाचवताना तो जखमी होतो, आणि घोडा व मोकळा रस्ता समोर असताना ती त्याला परत आणते. आणते आणि आगीपुढे बसून भांडतेही. बीस्टचं वागणं बदलल्यावरच ती मवाळ होते, आणि शेवटी तो तिला सोडून देतो. झुकायचं काम पकडणाऱ्याने केलंय.

चूक शोधायचीच तर वयाची शोधा. निवेदक सांगतो गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकेल. नोकरमंडळी गाण्यात म्हणतात दहा वर्षं गंजत पडलोय. म्हणजे शाप लागला तेव्हा पोर अकरा वर्षांचं! आणि भिंतीवरचं फाटलेलं चित्र मात्र तरण्या पुरुषाचं.

ओली_भेळ
अकरा वर्षांच्या पोराने अनोळखी म्हातारीला रात्री दार उघडलं नाही. शाप त्या जादूगारणीलाच द्या.

शून्यबिंदू
चाहत्यांच्या 'थिअरी' वेगळ्या जातीच्या असतात. तिथे संदेश उलटा होत नाही, कथाच नवी रचली जाते. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) घ्या. टोटोरो मृत्यूचा देव, मुली शेवटी मेलेल्या, कथा जपानमधल्या १९६३च्या सायामा खून प्रकरणावर, असं सांगतात. पुरावे दोन. तळ्यात सापडलेली चप्पल धाकट्या मेईची, आणि शेवटच्या भागात मुलींना सावल्या नाहीत.

चप्पल म्हातारी दाखवते तेव्हा थोरली बहीण सात्सुकी ती बघून स्पष्ट सांगते की ही मेईची नाही. सावल्यांबद्दल २००७मध्ये स्टुडिओ जिबलीने खुलासा केला की चित्र काढताना तिथे गरज वाटली नाही म्हणून काढल्या नाहीत. हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनमध्ये सावली हा वेगळा थर असतो, ती गाळणं ही रोजची काटकसर. कथा तर १९५०च्या दशकातली, म्हणजे त्या प्रकरणाआधीची. आणि शेवटच्या श्रेयनामावलीत आई घरी परतलेली, मुलींबरोबर अंघोळ करताना दिसते.

मिरची_भजी
'झूटोपिया'तही (२०१६) असाच अतिरेक. शिकारी प्राणी म्हणजे अमुक समाज, असा एकास एक तक्ता मांडायला जातात आणि तिथेच फसतात, कारण त्या जगात पूर्वी शिकाऱ्यांनी खरोखर इतरांना खाल्लेलं असतं. माणसांच्या कुठल्याच समाजाबद्दल तसं म्हणता येत नाही. सिनेमा पूर्वग्रह कसा काम करतो ते दाखवतो. चांगल्या मनाची सशीण जूडी पत्रकारांसमोर दोन वाक्यं बोलते आणि शहर फुटतं, निक या कोल्ह्यासमोर तिचा हात आपसूक कोल्ह्यांसाठीच्या फवाऱ्याकडे जातो. तेवढंच घ्या, जनगणना नको.

रविवार_दुपार
'इनसाइड आउट'मध्ये (२०१५) प्रत्येकाच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रं आहेत. आईच्या डोक्यात मधल्या खुर्चीवर सॅडनेस बसलेली आहे, म्हणून आई नैराश्यात, हेही बरंच फिरतं. नीट बघा. तिथल्या पाचही भावना टेबलाभोवती बसून एकमेकींचं ऐकून ठरवतात. मुलगी रायलीच्या डोक्यात जॉय एकटीच पॅनल अडवून ठेवते आणि सॅडनेसला खडूचं वर्तुळ आखून त्यात उभी करते. आजारी कारभार कुठला? दिग्दर्शक पीट डॉक्टरच्या आधीच्या कथेत जॉयबरोबर फिअर हरवणार होता, ते जमेना म्हणून सॅडनेसला पाठवलं. त्या बदलातून सिनेमा उभा राहिला. दुसऱ्या भागात (२०२४) लोक अँग्झायटीला खलनायिका म्हणतात, पण वाईट आठवणी मागे फेकून देऊन 'मी चांगलीच आहे' हा विश्वास आधी जॉयनेच तयार केला होता. दोघींचा गुन्हा एकच.

तिरपा_डोळा
बरं, मूळ प्रश्नाकडे. तीन प्रश्न ठीक आहेत, पण चौथा हवा: सिनेमा कुठे संपतो? 'वॉल-ई'बद्दल (२००८) दोन आक्षेप नेहमी ऐकतो. एक, जाड माणसांची टिंगल केलीय. दोन, शेवट बावळट आहे, ही माणसं पृथ्वीवर आठवडाभरही जगणार नाहीत.

पहिल्याचं उत्तर सिनेमाच्या आतच आहे. परतीच्या सूचनांत सूक्ष्म गुरुत्वामुळे हाडं झिजल्याचं सांगितलंय आणि उपाय म्हणून अंतराळ जहाजावरच्या ट्रॅकवर धावायला सांगितलंय. कॅप्टन म्हणतो, आपल्याकडे ट्रॅक आहे? सातशे वर्षं त्यांना खुर्चीत ठेवणारी व्यवस्था हा तिथला दोषी. माणसं स्क्रीन बंद झाल्याबरोबर एकमेकांचा हात धरतात, आणि कॅप्टन स्वतःच्या पायांवर उभा राहून जहाज चालवणाऱ्या यंत्राला, ऑटोला, बंद करतो. दुसऱ्याचं उत्तर श्रेयनामावलीत आहे, जी कोणी बघत नाही.

ओली_भेळ
श्रेयनामावलीत काय आहे?

तिरपा_डोळा
पुढची सगळी गोष्ट. माणसं आणि यंत्रमानव मिळून आग, शेती, विहीर, मासेमारी, घरं असं पुन्हा शिकतात. आणि ते चित्रकलेच्या इतिहासाच्या क्रमाने दाखवलंय: आधी गुहाचित्रं, मग इजिप्तच्या भिंती, मोझेक, असं करत व्हॅन गॉखपर्यंत. वर पीटर गेब्रिएलचं गाणं.

शून्यबिंदू
आणि नेमकं तेच घरी कापलं जातं. स्ट्रीमिंगवर नावं सुरू झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढच्या सिनेमाची उलटी मोजणी लागते. मोजणी चालू असताना रिमोटच्या बाणाने त्या छोट्या चौकटीवर जाऊन ओके दाबलं की चित्र परत मोठं होतं. दर वेळी हे नको असेल तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचं आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद करा. काही ॲपमध्ये हा पर्याय टीव्हीवर सापडत नाही, ब्राउझरमधून खातं उघडून बदलावा लागतो. टोटोरोतली आईही अशीच कापली जाते, मग थिअरीवाल्यांना रान मोकळं.

रविवार_दुपार
'इनसाइड आउट'लाही हे करा. नावं पूर्ण सुरू व्हायच्या आधी इतरांच्या डोक्यांत फिरवून आणतात: शिक्षिका, बस ड्रायव्हर, कुत्रा, सगळ्यात शेवटी मांजर.

भिंतीवरची_पाल
मांजराच्या डोक्यात सगळ्या भावना आडव्या पसरल्यात, पॅनलकडे कोणाचंच लक्ष नाही. याच्यावर अजून कोणी थिअरी काढली नाही? मग मी नवा धागा काढतो.